पहिल्या कार्डाचा मान

बाईच्या वर्षश्राद्धाचे पिंड दुपारी बाराला होते आणि शिबिराचं उद्घाटन सकाळी दहाला. दोन्ही एकाच दिवशी ठेवायचं बद्रीनाथनं ठरवलं होतं. पाहुणे एकदाच येतात, मांडव एकदाच पडतो, शिवाय लोकांच्या लक्षात राहतं, असं त्याचं म्हणणं. गारखेड्यातल्या घरापुढं पांढरं-केशरी कापड ताणलं होतं आणि वर फलक होता: ‘कै. मनकर्णाबाई स्मृती महिला आरोग्य तपासणी शिबिर, वर्ष बारावे.’ फलकावर बाईचा फोटो. रिक्षातून उतरताना बद्रीनाथच्या थोरल्या बहिणीनं, गोदावरीनं, तो एकदा पाहिला, मग मान वर केली नाही.

फोटो जुन्या शिबिरातलाच होता. मूळ फोटोत बाई खुर्चीत बसलेली होती, दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता. फलक करणाऱ्यानं खुर्ची आणि पट्टा दोन्ही कापून टाकले होते, पण पट्टा बांधताना उचललेला खांदा तसाच राहिला होता. घरात सगळे जिला बाई म्हणत, त्या आईचा तो खांदा गोदावरीनं ओळखला.

शिबिर मुळात आजोबांच्या, आप्पासाहेबांच्या, नावाचं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर गारखेडा जेव्हा नुसतं खेडं होतं, तेव्हा इथं दवाखाना व्हावा म्हणून आप्पासाहेबांनी कचेरीत खेटे घातले होते आणि दवाखाना होण्याआधीच ते गेले. पुढं शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर बंगले झाले, आणि नानांनी, म्हणजे गोदावरीच्या वडिलांनी, आप्पासाहेबांच्या पुण्यतिथीला दर मार्गशीर्षात बायकांचं तपासणी शिबिर भरवायला सुरुवात केली. सलग अकरा वर्षं ते भरलं. बाईच्या आजारपणात दोन वर्षं बंद होतं. आता बद्रीनाथनं ते पौषात आणलं होतं, बाईच्या तिथीला.

त्या शिबिरात पहिल्या कार्डाचा एक मान होता. नारळ फुटला की घरची मालकीण खुर्चीत बसायची, डॉक्टरीणबाई तिच्या दंडाला पट्टा बांधायची, फोटो निघायचा, टाळ्या पडायच्या. एक नंबरचं कार्ड तिच्या नावानं भरलं जायचं. मग ती उठून स्वयंपाकघरात जायची, कारण डॉक्टरांचा चहा आणि दुपारची पंगत तिच्याकडं असायची. खरी तपासणी पडद्यामागं चालायची. तिथं गावच्या बायका जायच्या.

गोदावरी मागच्या दारानं आत गेली.

स्वयंपाकघरात चहाचं मोठं पातेलं चढलं होतं. आशाबाई, बद्रीनाथची बायको, नवी जांभळी साडी नेसून कप मोजत होती. पदर खोचलेला नव्हता. म्हणजे आज ती ओट्याशी फार वेळ थांबणार नव्हती. खाली पाटावर बसून सरूमावशी श्राद्धाचे वडे थापत होती. ती बाईची पाठची बहीण. वेरूळहून पहाटेच्या गाडीनं आली होती.

“या अक्का,” आशाबाई म्हणाली. “चहा टाकू का वेगळा? बिनसाखरेचा?”

“नको. साडी चांगली आहे.”

“यांनीच आणली. फोटोत रंग उठून दिसतो म्हणे.” तिनं एक कप उजेडात धरून पुसला. “अकरा शिबिरं मी बाईंच्या मागं उभी राहून कप पुसलेत. फोटोत नुसतं कोपर यायचं माझं. आज मावशी म्हणाल्या, जा बाई, आता तुझी पाळी.”

“व्हय, म्हणले मी,” मावशी म्हणाली. “पंचवीस वर्सं झाली पोरीला या घरात. तिनं कधी बसावं खुर्चीत?”

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की गोदावरीनं रिक्षात जुळवून आणलेलं वाक्य क्षणभर तोंडातच राहिलं. आशाबाईचा तिला राग येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

“आशा, खुर्चीतून उठलीस की पडद्यामागं जाशील?”

“कशाला?”

“तपासून घ्यायला. छातीचं, आणि पिशवीच्या तोंडाचं. पाच-दहा मिनिटं लागतात.”

“मला काय झालंय?”

“काही झालेलं नाही, म्हणूनच. दुखायला लागल्यावर जायचं ते वेगळं.”

मावशी वड्यावरचा हात थांबवून हसली. “ऐका! काय झालेलं नसताना परक्या डाक्टरनीपुढं चोळी सोडायची व्हय गं गोदे? कॉलेजात हेच शिकवतीस का पोरींना?”

“मी शिकवत नाही मावशी, पुस्तकं सांभाळते.”

“मग पुस्तकात असंल.”

“तूसुद्धा यायचंस. तू तर आधी. सख्ख्या बहिणीला झालं असलं की आपल्यालाही...”

“गप!” मावशीनं पिठाचा हात वर केला. “पित्राच्या दिवशी वंगाळ बोलू नगंस. मनाक्काचं वरीस हाय आज. मी वडे थापाया आले, तेवढं करते आन् जाते.”

आशाबाईनं कपांचा ट्रे सरळ केला. तिच्या आवाजात आता धार आली होती. “खरं सांगा अक्का. माझा मान तुम्हाला खुपतोय का? लेकीला वाटतंच, आईच्या खुर्चीत दुसरी बसू नये म्हणून.”

“त्या खुर्चीत कुणीच बसू नये असं वाटतं,” गोदावरी म्हणाली.

दारात बद्रीनाथ उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात दोन मोबाइल. येत्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या मनात होतं आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. “अक्का, नानांच्या खोलीत ये,” तो म्हणाला. “मांडवात बायका बसल्यात, ऐकू जाईल.”

नाना पलंगावर टेकून बसले होते. बाई गेल्यापासून ते सकाळी सातलाच पागोटं बांधून बसत आणि मग दिवसभर कुठंही जात नसत. गोदावरीनं पाया पडून पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली आणि त्यातली कार्डं चादरीवर मांडली. एकाखाली एक, अकरा. बाईनं ती ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, नीट ठेवलेली होती.

“हे काय?” बद्रीनाथ म्हणाला.

“बाईची कार्डं. वजन वाच.”

त्यानं वाचलं नाही. तिनंच वाचलं. “अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. अकरा वर्षं बाईचं वजन अठ्ठावन्न किलो. मागच्या कार्डावरून पुढच्या कार्डावर उतरवलेलं. काट्यावर ती उभी राहिलीच नाही कधी. आणि खाली शेरा बघ. नॉर्मल. अकरा वेळा.”

“आज काढायचं होतं हे?”

“आजच. थोड्या वेळानं आशाचं पहिलं कार्ड असंच भरलं जाईल. पुढची वीस वर्षं ती म्हणेल, मला काय झालंय, दरवर्षी तपासतात की घरी. मला एवढंच पाहिजे बद्री. फोटो काढ, टाळ्या वाजव, भाषण कर. पण आशा आणि मावशी पडद्यामागं गेल्या पाहिजेत. बाई तिथं कधी गेली नाही.”

“बाई नाय गेली तो बाईचा निर्णय होता. तिला कुणी धरून ठेवलं नव्हतं.”

“हात रिकामे कुठं होते तिचे?”

“असं बोलायला सोपं असतं. तू सिडकोत राहतीस. सणावाराला येतीस, दोन तास बसतीस आणि आम्हाला शहाणपण शिकवून जातीस.” तो वाकला, अकरा कार्डांतलं शेवटचं त्यानं उचललं आणि तिच्यासमोर धरलं. “हे कुणाचं अक्षर आहे अक्का?”

गोदावरीची नजर कार्डावरून नानांकडं गेली.

“मोठ्यानं सांग. नानांना चष्मा नाय.”

“माझं.”

त्या वर्षी कार्ड लिहिणारी पोरगी आली नव्हती म्हणून टेबलावर गोदावरी बसली होती. बाई खुर्चीत, पट्टा दंडाला. फोटोवाला ‘इकडं बघा’ म्हणत होता, मागं बायकांची रांग दारापर्यंत गेली होती. गोदावरीनं विचारलं होतं, बाई, काही त्रास? बाईनं आधी रांगेकडं पाहिलं, मग फोटोवाल्याकडं, मग तिच्याकडं. त्या पाहण्याला किती वेळ लागला होता हे गोदावरी वर्षभर आठवत होती. कधी तो तिला एक क्षण वाटे, कधी मिनिटभर. मग बाई म्हणाली होती, काय नाय गं, लिही नॉर्मल, आमटीला फोडणी घालायचीय. आणि गोदावरीनं लिहिलं होतं. वजन: अठ्ठावन्न. तिची शाई निळी होती, बाकी दहा कार्डांवरची काळी.

“मी लिहिलं,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हणतेय.”

“मग आता कुणाला दोष लावतीस?”

“बद्री, बास,” नाना म्हणाले.

दोघं त्यांच्याकडं वळली. नाना भिंतीकडं पाहत बोलत होते.

“तिला त्या वर्सी आषाढातच हाताला लागलं हुतं.”

“काय?”

“गाठ. हरभऱ्याएवढी. मला म्हणली, दुखत नाय पर हाय. मी म्हणलं, शिबिर हाय की आपलं मार्गशीर्षात. एवढ्या डाक्टरनी घरी येत्यात. क्रांती चौकातल्या दवाखान्यात जाऊन बाकड्यावर बसलीस, तर वळखीचं कुणीतरी बघणारच. लोक म्हणत्याल, ह्यांचा ह्यांच्याच शिबिरावर भरवसा नाय.”

बाहेर कुणीतरी माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करून पाहत होतं.

“पाच महिने,” गोदावरी म्हणाली.

“व्हय. पाच महिने. शिबिराच्या दिशी सांजच्याला मी इचारलं, दाखवलंस का? म्हणली, दाखवलं. नॉर्मल हाय. कार्ड म्होरं धरलं माझ्या.” नानांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता. “अक्षर तुझं हुतं. म्हणलं, पोरगी शिकलेली हाय आपली. उगं लिहिणार नाय.”

गोदावरीनं पलंगाची कड धरली. वर्षभरात तिनं स्वतःला पुष्कळ बोल लावले होते, पण हे तिच्या हिशेबात कधी आलं नव्हतं. तिला वाटत होतं, ते कार्ड ट्रंकेत गेलं आणि तिथंच राहिलं. ते संध्याकाळी या खोलीत आलं होतं, या पलंगापाशी, आणि त्यानं एका माणसाला झोप लावली होती.

“मला का नाही सांगितलंत नाना? ती गेल्यावर तरी?”

“काय सांगू? तू तिच्या उशापाशी बसून पुस्तकं वाचीत हुतीस त्या रोगाची. म्हणलं, हिला आनिक काय सांगायचं.”

बद्रीनाथनं कार्ड परत ठेवलं. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो फार वेळ गप्प राहणाऱ्यांतला नव्हता. “झालं ते झालं. बाहेर दीडशे बाया बसल्यात. आशा खुर्चीत बसंल, चहा वेळेवर जाईल, बाराला पिंड. यातलं काय बाहेर जायचं नाय.”

“मला विचारा की कुणीतरी,” आशाबाई म्हणाली.

ती कधीची दाराच्या चौकटीत उभी होती कोण जाणे. हातातलं फडकं तिनं घट्ट पिळलं होतं. सासऱ्यांसमोर ती एरवी इतक्या मोकळ्या आवाजात बोलत नसे.

“अक्का, तुम्ही म्हणता मी जावं. तुम्ही कधी गेलात पडद्यामागं?”

“मी...”

“इथं नाय, दुसरीकडं कुठं? दवाखान्यात? मशीनवर?”

“नाही.”

“कधीच नाय?”

“कधीच नाही.”

गोदावरी एक्कावन्न वर्षांची होती. त्या आजाराच्या पायऱ्या तिला पाठ होत्या, औषधांची नावं पाठ होती, कोणत्या पायरीवर किती बायका वाचतात हेसुद्धा. चाळिशीनंतर काय काय तपासून घ्यावं याचा एक कागद तिनं स्वतः टंकून कॉलेजच्या वाचनालयाच्या फलकावर लावला होता. आणि वर्षभर अंघोळ करताना तिनं साबणाचा हात स्वतःच्या छातीवर एकदाही थांबू दिला नव्हता. सरसर फिरवायचा आणि पाणी ओतायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

बद्रीनाथ हसला. “घ्या!”

“तुम्ही हसू नका,” आशाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. “अक्का, मग मला का पुढं ढकलता? आधी तुम्ही जा. मी बघते तुम्ही जाता का.”

नारळ फुटला. भाषण झालं. बद्रीनाथच्या भाषणात बाई तीनदा ‘मातोश्री’ झाली. मग आशाबाई जांभळ्या साडीत खुर्चीत बसली, डॉक्टरीणबाईनं पट्टा बांधला आणि फोटोवाल्यानं हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली. टाळ्या पडल्या. टेबलावरच्या पोरीनं पट्टा फुगायच्या आतच एक नंबरच्या कार्डावर शेरा लिहून टाकला होता. गोदावरीनं ते रांगेतून पाहिलं. ती चौदाव्या नंबरवर उभी होती.

पुढं-मागं बाया होत्या, कुणी गारखेड्यातल्या जुन्या, कुणी आसपासच्या वस्तीतल्या. आत खोलीत काय झालं ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

“तुमचा कितवा?” पुढची तिला म्हणाली. तिचं नाव वच्छलाबाई. ती पोळ्या लाटायची कामं करायची.

“चौदावा.”

“माजं चौथं वरीस. पहिल्या वर्साला लई लाजले. आता काय, ती बिचारी बी दिवसभर तेच बघती, तिला काय कवतिक?” मागच्या दोघी फिसकन हसल्या. “आवो खरंच. गेल्या टायमाला माजं पिशवीचं कायतरी निघालं, बारकं. जाळलं त्यांनी. धा मिंटाचं काम. ह्या घरच्या बाईचे उपकार म्हणायचे. त्या बसल्या नसत्या म्होरं पहिल्या, तर आमी कुठं येतो?”

गोदावरीनं मान हलवली.

पडद्यापाशी जोहराबी उभी होती. ती सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. पहिल्या शिबिरापासून पडदा तिच्याकडंच. गोदावरीला पाहून तिनं चष्मा खाली घेतला.

“तुम्ही? कार्ड लिहायला आल्या का तपासायला?”

“तपासायला.”

“आज सूरज किधर से निकल्या?” म्हणाली खरी, पण हसली नाही. पडदा धरून ती खालच्या आवाजात बोलली. “अक्का, दर साल मैं बोलती थी बाई कू. बाई, आओ ना अंदर, दो मिनट का काम है. म्हणायच्या, पंगत उठू दे जोहरा. पंगत उठायची तेव्हा आमचं सामान पेटीत गेलेलं असायचं. आखरी साल तो पडदे तक आई थी. हाथ इधर रखी पडदे पे. मग आतून कुणीतरी हाक मारली, तूप कुठं आहे म्हणून.”

“कुणी?”

“अब क्या पूछते, अक्का. चला, आत चला.”

आत एक पलंग होता, वर पिवळा बल्ब. डॉक्टरीणबाई तिशीची असेल. तिनं हात गरम पाण्यात धुऊन कोरडे केले, मग काम सुरू केलं. तिची बोटं गोल गोल, सावकाश फिरत होती. गोदावरी बल्बकडं पाहत राहिली. पुस्तकात ही पद्धत आकृतीसह दिलेली होती. आकृतीतल्या बाईला चेहरा नव्हता.

“घरात कुणाला होतं?”

“आईला.”

“कितव्या वर्षी कळलं?”

“अडुसष्टाव्या. उशिरा कळलं.”

“कधी तपासत नव्हत्या का?”

“बाहेर फलकावर आहेत त्या,” गोदावरी म्हणाली.

बोटं थांबली. मग पुन्हा फिरू लागली, तितकीच सावकाश. दुसरी तपासणी झाली, काचेवर नमुना घेतला गेला. गोदावरी साडी सावरून बसली.

“हाताला काही लागत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “पण आईचा इतिहास आहे, तेव्हा हातावर भागायचं नाही. मशीनवर फोटो काढावा लागेल. गुरुवारी या दवाखान्यात. आणि हा नमुना आठ दिवसांनी कळेल.”

“कार्डावर काय लिहिणार?”

“तपासणी अपूर्ण.”

ते दोन शब्द तिनं लिहिले आणि कार्ड पुढं केलं. गोदावरीनं ते वाचलं. आपल्या घराला इतकं खरं कार्ड बारा शिबिरांत पहिल्यांदा मिळालं, असं तिला वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा आशाबाई चहाचा ट्रे घेऊन डॉक्टरांच्या टेबलाकडं चालली होती. तिला पाहून ती जागेवर थांबली. मागून बद्रीनाथही आला, त्याला भटजींचा फोन आला होता.

“काय म्हणाल्या?” आशाबाईनं विचारलं.

गोदावरीला एक क्षण मोह झाला. ‘सगळं ठीक’ म्हटलं की आशा निर्धास्तपणे आत जाईल. नाहीतर घाबरेल आणि जाणारच नाही. एक शब्द तर होता, आणि या वेळी तो चांगल्या कामासाठी होता.

“अजून माहीत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे काय?”

“हाताला काही लागलं नाही. गुरुवारी मशीनवर बोलावलंय. त्यानंतर कळेल.”

“म्हणजे नॉर्मलच की,” बद्रीनाथ म्हणाला.

“नाही. म्हणजे माहीत नाही.”

आशाबाईनं तिच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. मग तिनं ट्रे उचलून सरळ नवऱ्याच्या हातात दिला. बारा कप भरलेले. त्याला तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

“अगं... भटजी येतायत. पिंडाचं सामान कुणी काढायचं?”

“देवघरात आहे. तुम्हीच काढा. आणि तो चहा निवायच्या आत द्या त्यांना.”

“तुझं कार्ड झालंय! फोटो निघालाय!”

“फोटोच निघाला,” आशाबाई म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. रांगेतल्या एकीनं तिला ओळखून पुढं यायला सांगितलं, तर ती नको म्हणाली. बद्रीनाथ ट्रे धरून तसाच उभा होता आणि त्याच्या पांढऱ्या पँटीवर चहाचे दोन थेंब पडले होते.

गोदावरी स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद होता. वडे तळून परातीत झाकून ठेवले होते, पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. मावशी नव्हती. मागच्या दाराशी तिच्या चपलाही नव्हत्या.

ती धावतच फाटकाबाहेर गेली. सरूमावशी रिक्षात बसून पिशवी मांडीवर घेत होती.

“मावशी! बाराला पिंड आहेत.”

“ठावं हाय.”

“मग कुठं निघालीस?”

“घरी. वेरूळची गाडी हाय.” मावशी तिच्याकडं पाहत नव्हती. “तू गेलीस, आता ती बी उभी राहिली. म्हंजी सगळे माझ्याकडंच बघत्याल. मला नगं बाई त्यो पडदा.”

“कुणी बघणार नाही. मी तुझ्याबरोबर आत येते.”

“आत काय हाय ते मला म्हाईत हाय.” मावशीचा आवाज एकाएकी चढला, रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. “मनाक्का चालती-बोलती हुती. घरात शंभर माणसाचं करत हुती. सुई टोचली त्या मोठ्या दवाखान्यात आन् वरसात गेली. न टोचता हिंडत हुती की!”

“सुईनं नाही गेली ती. आधीच वाढलं होतं. सुईनं नुसतं कळलं.”

“तुला काय ठावं?” मावशी म्हणाली. “तुला तरी काय ठावं हुतं गोदे, तवा?”

गोदावरीनं रिक्षाची दांडी धरली. मांडवातून माइकवर पंधरावा नंबर पुकारल्याचं ऐकू आलं.

मावशी नरमली. तिनं हात बाहेर काढून गोदावरीच्या गालावरून फिरवला. हाताला अजून उडदाच्या पिठाचा वास होता. “रागाऊ नगंस. येते मी. तू गुरुवारी जाणार हाईस न्हवं त्या मशीनला? तवा येते. तुझ्याबरंच येते. आज नगं. आज मन थाऱ्यावर नाय.”

“नक्की?”

“तुझ्या गळ्याची आण. जा आता, पिंडाची येळ झाली.”

ती हे अगदी मायेनं म्हणाली. पंगत उठू दे, म्हणणारी बाई अशीच मायेनं म्हणत असणार.

गोदावरीनं मागं वळून पाहिलं. मांडवाच्या दारातून रांगेचं शेपूट दिसत होतं आणि त्यात जांभळी साडी. भटजींची मोटरसायकल आत वळत होती. नाना पागोटं सारखं करत ओट्यावर येऊन उभे राहिले होते आणि तिच्याकडंच पाहत होते. त्यांनी हाक मारली नाही.

ती रिक्षात चढून मावशीशेजारी बसली.

“हे काय गं?”

“वेरूळला येते. गुरुवारपर्यंत तुझ्याकडंच राहते. गुरुवारी सकाळी दोघी मिळून निघू.”

“अगं खुळी का काय? तुझ्या मायचे पिंड हायेत! लेक जाती का टाकून?”

“बद्री घालेल.”

“लोक काय म्हणत्याल?”

गोदावरीनं रिक्षावाल्याला स्टँडवर घ्यायला सांगितलं. मावशी थोडा वेळ पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिली. मग तिनं दुखावल्या आवाजात विचारलं, “एवढी आण घेतली तरी माझ्यावर भरवसा नाय व्हय तुझा?”

“नाय,” गोदावरी म्हणाली आणि मावशीची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.